धुळ्यात, दुपारी चार वाजता

भुसावळला आमच्या भागात नळ येतो अकराव्या दिवशी,
कधी तेराव्या,
कधी रात्री अडीचला.
मी झोपते ती एक कान उघडा ठेवून,
तोटीला लावलेल्या पाइपाच्या फुसफुशीवर.

त्याच कानाशी तू ओठ आणतोस, खेमचंद,
आणि मला ऐकू येतं:
टाकी. मोटार.
सासूबाईंचं "गोयी देली का वं?"
भाविनीच्या हॉस्टेलचं थकलेलं भाडं.
उडदाच्या डाळीला ऊन दाखवायचं राहिलं.
तुझा हात कमरेवर येऊन थांबतो
आणि मी हिशेब करते,
किती वेळ जाईल, म्हणजे किती झोप उरेल.

"थंड पडलीस तू," म्हणालास एकदा,
रागानं नाही, कुलरमध्ये पाणी ओतता ओतता,
हवेबद्दल बोलावं तसं.
सेहेचाळीस अंश होतं त्या दिवशी.
मीही सेहेचाळीस.
हसू आलं मला,
पण का आलं ते सांगायचंही त्राण नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात होतं असं.
कॅल्शियम लिहून दिलं.
घरातल्या गोळ्यांत आणखी एक वाढली,
ती लक्षात ठेवायचं कामही माझंच.

मग ते प्रशिक्षण निघालं. धुळ्याला, दोन दिवस,
अंगणवाडीच्या नव्या नोंदवह्यांचं.
दुसऱ्या दिवशी साहेबच आले नाहीत,
तीनला सुटलो, बस सहाची.
लॉजच्या खोलीत एक पलंग, एक पंखा,
भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
त्यातल्या एकाही तारखेला माझं काही काम नव्हतं.

पडले तशीच, साडी न सोडता.
खाली कुणी शेवभाजीला फोडणी दिली,
काळा मसाला जिना चढून वर आला,
ठसका लागला, डोळे वाहिले,
आणि तो स्वयंपाक मी करत नव्हते.
एवढंच.
एवढ्यावरच
अंग आठवायला लागलं.
आधी पोटऱ्या, मग मांड्यांची आतली बाजू,
मग चोपड्याच्या मळ्यातली ती थंडीतली रात्र,
भरीत खाऊन सगळे उठून गेलेले,
पऱ्हाट्यांची राख तू काडीनं उकरत बसलेला,
आणि तुझ्या मनगटाला जळक्या वांग्याचा वास.
ते मनगट मी चाटलं होतं.
मी. आपण होऊन.
केवढा दचकला होतास.

चार वाजले होते. कुणी काही मागत नव्हतं.
म्हणजे मेलं नव्हतं ते माझ्यातलं.
रांगेत होतं, सगळ्यात मागे,
आणि रांगेत उभं राहून राहून
आपण कशाला आलो तेच विसरलेलं.

तुला फोन लावला. घसा कोरडा.
वाटलं म्हणावं, ये.
साडेतीन तासांचा रस्ता आहे, पण ये.
किंवा काहीच म्हणू नये, नुसता श्वास ऐकू द्यावा.
तू म्हणालास, "बरं झालं केलास.
आईच्या बीपीच्या गोळ्या कुठे आहेत?
आणि नळ आलाय, मोटार पाणीच उचलत नाही."

मी सांगितलं. दुसरा खण, लाल डबा.
मोटारीत आधी तांब्याभर पाणी ओत,
हवा धरली असेल तिनं.
लगेच बटण दाबू नकोस.
थांब जरा.

थांब जरा, मी पुन्हा म्हणाले,
जरा हळू.

"किती वेळ?" तू विचारलंस.

मोटारीचंच विचारत होतास, ठाऊक आहे मला.
तरी मी लगेच उत्तर दिलं नाही.
पंखा फिरत होता.
पलीकडे तू, हातात तांब्या घेऊन,
पहिल्यांदाच
मी सांगेन तोवर थांबलेला.